इथं बसलंय

सोमवारी आमच्याकडं मटण नसतं.
म्हणून सोमवारीच धुराडं गार असतं,
हात लावता येतो.

गंगावेशीत, तालमीच्या मागच्या बोळात
बारा ताटांची खानावळ.
गॅस आहे, भातापुरता.
रस्सा बाभळीवरच,
गिऱ्हाईक पहिल्या भुरक्याला ओळखतं
खाली जाळ होता की नुसती निळी फुलं.

दर दोन महिन्यांनी दस्तगीर शिकलगार यायचा.
सायकलीला बांबू, बांबूला तारेचा झाडू,
खांद्यावर काथ्याचा दोर,
दोराच्या टोकाला गोणपाटात बांधलेला
फुटक्या वरवंट्याचा तुकडा.
चहा नको म्हणायचा.
"आधी हिचं पोट बघू द्या, वहिनी."

आणि बोटाच्या पेरानं नळीवर ठोकत जायचा
चुलीपासून कौलांपर्यंत, वीत-वीत सोडून.
ठण्. ठण्. ठण्.
धप्.
"हितं बसलंय."
खडूनं फुली.
नेमकं तिथंच निघायचं बोटभर जाडीचं,
डांबरासारखं चकाकणारं,
ओल्या लाकडाचं पाप.
"वखारवाल्याला इचारा, लाकूड इकतोस का पाणी?
हे पेटलं नळीत, तर कौलं जागेवर ऱ्हात न्हाईत."

तो वर, मी खाली
चुलीच्या तोंडाला भिजवलेलं पोतं धरून.
दोर उतरायचा, दोर चढायचा,
दोन पाट्या काजळी,
माझ्या भुवयांवर, दुधाच्या झाकणावर,
मांजराच्या पांढऱ्या पायावर.
शेवटी टोपी घासायचा,
तेलाच्या डब्यातनं त्यानंच कापलेली.
तिच्यावरचं सूर्यफूल उलटं आलंय.
"धुराला कुठं कळतंय," म्हणायचा
आणि मग चहा. दोन कप. बशीतनं.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला, आला नाही.
जाळ मागं यायला लागला,
गिऱ्हाईकं डोळे पुसत जेवायची
आणि मसाल्याची तारीफ करायची.

सीपीआरमध्ये, खिडकीजवळच्या खाटेवर
तो उघड्या पाठीनं बसलेला.
डॉक्टरीण पोरगी, माझ्या पुतणीएवढी,
डावा पंजा पाठीवर पसरून
उजव्या मधल्या बोटानं ठोकत होती,
वरनं खाली, वीत-वीत सोडून.
आवाज निराळा, हिशेब तोच.
डब. डब. डब.
थप्.
मी डबा धरून उभी.
त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.
दोघांनाही ऐकू आलं होतं.
पोरीकडं खडू नव्हता,
तिनं पेनानं कागदावर काहीतरी लिहिलं.

ती गेल्यावर म्हणाला,
"बोट चांगलं हाय पोरीचं."
मग बराच वेळ खोकला.
मग, "दोन महिनं होऊन गेलं, वहिनी.
धूर परततोय न्हवं?"
मी नाही म्हणाले.
माझ्या पदराला वास होता. तो हसला.

पुढच्या सोमवारी रेहानाभाभीनं बांबू दिला,
दोर दिला, वरवंट्याचा तुकडा दिला.
पैसे घेतले नाहीत, रस्सा घेतला.
मी कौलांवर चढले. त्रेपन्नाव्या वर्षी.
खालनं जाऊबाई ओरडत होत्या,
तालमीतली पोरं जोर मारायची थांबली.

ठोकलं.
धप्.
पुन्हा ठोकलं.
धप्.
माझ्या बोटाला सगळीकडं एकच ऐकू आलं.
मग फुल्या मारत बसलेच नाही,
सगळीच नळी खरवडली,
तीन पाट्या निघाली.
उलटं सूर्यफूल घासताना
लांबवर रंकाळा दिसला, ताटाएवढा.

संध्याकाळी जाळ सरळ वर गेला.
कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही.
एकजण म्हणाला, आज तिखट कमी झालंय.

मंगळवारी वखारीत गेले.
वजनकाट्याला हात लावू दिला नाही.
ढिगातनं एकेक लाकूड उचललं,
कानाशी धरलं, पेरानं ठोकलं.
वखारवाला म्हणाला, "मावशी, कलिंगड हाय व्हय?"
मी काही बोलले नाही.
थप् म्हणालं ते बाजूला,
ठण् म्हणालं ते माझं.
वाळलेलं थोडंच निघालं.
तेवढंच घेतलं.